आईवर आलेला पाण्याचा आळ

ठेकेदारावर तक्रार केली असं सांगितलं की लोक आधी विचारतात, काय हो, स्लॅब गळत होता का? स्लॅबला काही झालेलं नाही. आजही त्यावर माझ्या मिरच्या वाळतात. गळत होता तो अंगणातला जमिनीखालचा हौद. आणि खरं सांगायचं तर नुसता हौद गळतो म्हणून मी इतकी पेटले नसते. त्या माणसानं माझ्या आईला पाणी सांडणारी ठरवलं, म्हणून पेटले.

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत भाड्याच्या दोन खोल्यांत आम्ही अठरा वर्षं काढली. नवरा एसटीत ड्रायव्हर, मी शाळांचे युनिफॉर्म शिवणारी. एका खोलीत मशीन आणि कापडाचे तागे, दुसऱ्या खोलीत संसार. मग शहराच्या हद्दवाढ भागात छोटा प्लॉट घेतला आणि घर बांधायला काढलं. ठेकेदार निवडताना मी हुशारी केली, असं तेव्हा मला वाटत होतं. ओळखीचा गवंडी सोडून परवाना असलेला माणूस घेतला. त्याच्या बोर्डावर त्याच्या नावापेक्षा ‘परवानाधारक’ हा शब्द मोठा होता. पांढरा शर्ट, खिशाला पेन, आणि दर वाक्याला ‘ताई’. ताई म्हणत म्हणत माणूस किती गुंडाळू शकतो, हे मला पुढं कळलं.

सोलापुरात घर बांधायचं म्हणजे देवघराच्या आधी हौदाची जागा ठरते. नळाला चार-पाच दिवसांनी एकदा पाणी येतं. त्या दिवशी जे साठवाल त्यावर पुढची पाळी येईपर्यंत दिवस काढायचे. म्हणून आम्ही स्वयंपाकघर लहान केलं, पण हौद मोठा घेतला.

आता माझी चूक सांगते, कारण ती मी लपवली तर ही सगळी गोष्ट खोटी होईल. नवीन हौद काठोकाठ भरून आठ दिवस नुसता ठेवायचा असतो. हात लावायचा नाही. पातळी उतरली नाही तर हौद पास. हे मला ठाऊक होतं. ठेकेदारालाही ठाऊक होतं. पण हौद तयार झाला तो उन्हाळ्याच्या तोंडाला. तो म्हणाला, “ताई, एवढं पाणी भरून नुसतं बघत बसायचं, वर सिमेंट उतरलेलं पाणी म्हणून ओतून द्यायचं? या दिवसांत? मला तर बघवत नाही.” मलाही बघवलं नसतं. मला उलट वाटलं, केवढा समजूतदार माणूस. पाणी वाचवल्याच्या आनंदात मी ‘काम पूर्ण, तक्रार नाही’ या कागदावर सही केली. दुसऱ्या गावच्या माणसानं अशी सही केली असती की नाही, सांगता येत नाही. सोलापूरकरानं नक्की केली असती.

घरात आलो आणि मागोमाग आईला आणलं. आई सांगोल्याकडच्या कोरड्या गावातली. वडिलांच्या मागं मेंढरं घेऊन तिनं अर्धं आयुष्य रानात काढलेलं. वडील गेले, भाऊ पुण्याला कामाला गेला, आणि आई गुडघे धरून एकटी पडली. मुलीच्या घरी राहायला तिला मुळीच आवडत नव्हतं. “जावयाच्या घरात किती दीस ऱ्हायचं?” असं ती पहिल्या दिवसापासून म्हणत होती. नवऱ्यानंच तिला समजावलं की आई, घर तुमचंही आहे.

दोन महिने गेले आणि पाणी पुरेना. पाळीच्या दिवशी हौद भरायचा, तिसऱ्या दिवशी मोटर नुसती घरघरायची. पेठेत दोन पिंपांवर भागायचं, आणि इथं एवढा हौद असून शेजारी मागायची वेळ! मी मापाची टेप काठीला टाचण्यांनी बसवली आणि रोज सकाळी हौदात सोडायला लागले. वापर कमी केला तरी पाणी उतरायचंच.

ठेकेदाराला बोलावलं. तो आला, झाकण उघडून आत डोकावला, भिंतीवर टकटक केलं. आई ओट्यापाशी भांडी घासत होती. तिच्याकडं मान वळवून तो हसत म्हणाला, “ताई, हौद एकदम टंच आहे. घरात माणूस वाढलंय ना? गावाकडच्या म्हाताऱ्या माणसांना नळाची सवय नसते. नळ सोडला की सोडला. आजींना जरा समजावून सांगा.”

आईनं मान वर केली नाही. हातातलं ताट तेवढं तिनं खाली ठेवलं.

त्याला तिथल्या तिथं अंगणाबाहेर काढायला हवं होतं. नाही काढलं. उलट तो गेल्यावर मीच म्हणाले, “आई, जरा जपून वापर गं.” हे वाक्य माझ्या तोंडून गेलं, त्याची मला अजून लाज वाटते. एका घागरीसाठी मैलभर चाललेली बाई ती. भाजी धुतलेलं पाणीसुद्धा ती कढीपत्त्याला घालायची. आणि तिला मी पाणी जपायला शिकवत होते!

 दुसऱ्या दिवसापासून आईनं अंघोळीला अर्धी बादली घ्यायला सुरुवात केली. मग एक दिवसाआड अंघोळ. मग नुसतंच हातपाय पुसणं. तहान लागली तरी आधी माझ्याकडं बघायची. आणि एका सकाळी पाहते तर तिचं गाठोडं बांधून दाराशी ठेवलेलं.

“माझ्यामुळं तुमची आबाळ नगं,” ती म्हणाली. “जाते मी. तितं आड हाय आपला.”

तो आड कधीच कोरडा पडलेला, तिलाही माहीत होतं. गावी घरात कुणी नव्हतं. ती गेली असती तर एकटीच राहिली असती, आणि त्या गुडघ्यांनी टँकरच्या रांगेत उभी राहिली असती. मी गाठोडं उचलून कपाटात टाकलं आणि कपाटाला कुलूप घातलं. तिला म्हटलं, “हौद गळतो हे मी सिद्ध करते. तोवर तू हलायचं नाहीस.” आणि त्याच दिवशी तक्रार लिहायला बसले.

परवाना ज्या कार्यालयातून मिळतो तिथं अर्ज दिला. तिथल्या इंजिनियर मॅडमनी दोघांना बोलावलं. मी आईलाही नेलं. ठेकेदारानं फाईल उघडून माझी सही दाखवली. मग म्हणाला, “मॅडम, दोष हौदात नाही, वापरात आहे. पातळी उतरते हे ह्यांनी कशावरून ठरवलं, विचारा. टेलरच्या टेपनं हौद मोजतात ह्या.”

बाजूचे दोन कारकून हसले. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, “त्याच टेपनं मी हजारो पोरांच्या चड्ड्या बेतल्यात. अजून एकाचीही घसरलेली नाही.” आता कारकून आणखी जोरात हसले, पण यावेळी ठेकेदाराला.

मॅडम हसल्या नाहीत. त्या शांतपणे म्हणाल्या, “ताई, माप खरं असेल. पण पाणी गळून गेलं की वापरून गेलं, हे मापावरून कसं कळणार? घरात तीन माणसं राहतायत. ते म्हणणार वापरलं, तुम्ही म्हणणार गळलं.”

  तेव्हा मागच्या बाकावरून आई बोलली.

“बाई, आमच्याकडं मेंढरांस्नी पानी पाजायची दगडी डोण असती. डोणीतलं पानी कमी व्हाया लागलं की आमी आदी मेंढरं दुसऱ्या रानात न्यायचो. दोन दीस डोणीला कुनी हात लावायचा न्हाय. मेंढरं नसताना पानी उतरलं तर डोण गळती. न्हाय उतरलं तर मेंढरं लई पित्यात. ह्यात काय अवघड हाय?”

“म्हणजे?” मॅडमनी विचारलं.

“म्हंजी काय, आमी मेंढरं की. आमी जातो दुसरीकडं. तुमी हौद बघा.”

मॅडम पहिल्यांदा हसल्या आणि त्यांनी पेन उचललं. सगळं तिथंच ठरलं. पाळीचं पाणी आलं की हौद भरायचा, पातळीवर रंगाची खूण करायची, झाकणाला कार्यालयाचं कुलूप, वर सगळ्यांच्या सह्यांचा कागद. मोटरचा फ्यूज मॅडमकडं. घर बंद करून आम्ही निघून जायचं आणि पुढच्या पाळीच्या आदल्या दिवशी परत यायचं. ठेकेदार मान हलवत होता, पण मध्येच म्हणाला, “हे घरात नसले तरी दुसरं कुणी आत येऊन पाणी काढू शकतं. किल्ली कुणाकडं?”

आई उठली, तिनं मला पर्समधून किल्ली काढायला लावली आणि ती त्याच्यापुढं धरली. “तुमच्याकडं. तुमीच ठिवा.”

कुलूप लावताना ती ताब्यात घ्यायचं त्याला कबूल करावंच लागलं.

निघायच्या दिवशी सगळं ठरल्याप्रमाणे झालं. मॅडमनी आत पिवळ्या रंगाची रेघ ओढली, झाकण बंद केलं. आईनं तेवढ्यात स्वयंपाकघरात तांब्याची घागर काठोकाठ भरली आणि वर ताटली ठेवली. मी म्हटलं, कशाला? ती म्हणाली, असू दे. मला वाटलं, परत आल्यावर प्यायला असावं म्हणून. ठेकेदारानं स्वतःच्या हातानं दाराला कुलूप लावलं आणि आम्ही कर्नाटकच्या सीमेजवळ, दुधनीला नणंदेकडं गेलो.

दुधनीचे ते दिवस कसे गेले, विचारू नका. नणंदेनं प्रेमानं खाऊपिऊ घातलं, पण माझं सगळं लक्ष हौदाकडं. तिची सासू कानडी बोलणारी. सकाळी उठल्या उठल्या शेजारणीला हाक मारून विचारायची, “नीरु बंता?” पाणी आलं का, एवढंच ते. पण मी दचकायचे. मनात एकच यायचं. पाणी उतरलंच नाही तर? म्हणजे मग आई खोटी ठरणार, सगळ्यांच्या सह्यांनिशी. मग तिला थांबवायला माझ्याकडं तोंड उरलं नसतं. आईला मात्र कसली काळजी नव्हती. ती नणंदेबरोबर तूर निवडत बसायची आणि कानडी बाईशी मराठीत गप्पा मारायची. ती बाईही कानडीत उत्तर द्यायची. दोघींचं छान चाललं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ठेकेदाराचा फोन आला. आवाज एकदम मवाळ. “ताई, कशाला ताणता? मी हौदाला आतून केमिकलचा कोट मारून देतो. एक रुपया नको. तुम्ही अर्ज मागं घ्या, मॅडमना सांगा मिटलं म्हणून. आपली माणसं आपण.”

त्यानं किल्ली घेऊन काय पाहिलं, कुठून पाहिलं, देव जाणे. झाकण तर बंद होतं. पण काहीतरी त्याच्या लक्षात आलं होतं, हे नक्की. मी फोनवर हात ठेवून नवऱ्याला सांगितलं. तो सरळ माणूस. म्हणाला, “घेऊ की मग. आपल्याला हौद नीट होण्याशी मतलब.” क्षणभर मलाही मोह झाला. हौद नीट होईल, रोजची कटकट संपेल. मग मी आईकडं पाहिलं. तूर निवडता निवडता तिचे हात थांबले होते.  हौद गुपचूप दुरुस्त झाला असता तर तिच्यावरचा आळ तसाच राहिला असता. लोकांनी म्हटलं असतं, म्हातारी सांडत होती, ठेकेदारानं मोठ्या मनानं कोट मारून दिला.

मी फोन कानाला लावला. “दादा, उद्या दहा वाजता किल्ली घेऊन या. कोटाचं मग बघू.” आणि फोन ठेवला. बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दहाला सगळे अंगणात. मॅडम, त्यांचा एक माणूस, ठेकेदार, आम्ही तिघं आणि शेजारच्या अक्का. अक्का विणकरांच्या घरातल्या, घरात तेलुगू बोलणाऱ्या. त्यांच्या कंपाउंडची आमच्या बाजूची भिंत गेल्या दोन महिन्यांत ओलीच असायची, म्हणून त्यांनाही उत्सुकता. मॅडमनी कागदावरच्या सह्या तपासल्या, कुलूप काढलं, झाकण सरकवलं.

पिवळी रेघ कोरडी ठणठणीत होती. पाणी तिच्याखाली हातभर उतरलेलं.

“अय्यो!” अक्का ओरडल्या. आईला हौदापर्यंत वाकता येत नव्हतं. तिनं मला विचारलं, “किती गं?” मी म्हटलं, “हातभर, आई. वर चार बोटं.” माझा आवाज सगळ्या गल्लीत गेला असेल. जाऊ दे.

ठेकेदार कपाळ पुसत म्हणाला, “मॅडम, ऊन बघा ना किती आहे. सोलापूरचं ऊन. आटलं असणार.”

“झाकणाखाली? जमिनीत?” मॅडम म्हणाल्या.

“बंद जागेतसुद्धा आटतं, मॅडम. तुम्हाला माहीत आहे.”

“घरात घागर हाय,” आई म्हणाली. “ती पन बंदच हुती. बघा की आटली का.”

घागर कशाला, ते मला आता उमगलं. ठेकेदारानं त्याच्याच किल्लीनं दार उघडलं. आम्ही सगळे स्वयंपाकघरात घुसलो. मॅडमनी ताटली उचलली. घागर जशी भरून ठेवली होती तशी, काठापर्यंत. मॅडम उचलून बघायला गेल्या तर दोन थेंब त्यांच्या हातावर सांडले.  ठेकेदारानं हातातली किल्ली ओट्यावर ठेवली.

मॅडमनी हौद उपसायला लावला. पाणी फेकू दिलं नाही मी, अक्कांच्या आणि आमच्या पिंपांत भरलं. तळ उघडा पडल्यावर त्यांच्या माणसानं कोपऱ्यात छिन्नी मारली. वरून गुळगुळीत गिलावा, आणि आत तळ आणि भिंत यांच्यामध्ये बोट जाईल एवढी भेग. तळ एका दिवशी ओतलेला, भिंत पुढच्या आठवड्यात उभी केलेली, आणि मधला सांधा तसाच सोडून वरून सारवून टाकलेलं. हौदातलं पाणी चारी बाजूंनी जमिनीत जात होतं. अक्का म्हणाल्या, “तरीच माझा शेवगा यंदा असा लगडलाय!” सगळे हसले. नवरा तर एवढा हसला की त्याला ठसका लागला.

मॅडमनी तिथंच उभ्या उभ्या पंचनामा लिहिला. दोष बांधकामाचा. हौद नव्यानं, ठेकेदाराच्या खर्चानं. तो भरून आठ दिवस तपासला जाईपर्यंत परवान्याचं नूतनीकरण थांबलेलं. ‘परवानाधारक’ हा शब्द केवढा जड असतो, ते मला त्या दिवशी त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. मग त्या म्हणाल्या, “घरातल्या वापराबद्दल तुम्ही जे बोललात, तेही मला इथं खोडून काढायचंय. कुणाबद्दल बोलला होता?”

 तो आईपुढं येऊन म्हणाला, “आजी, चुकलं माझं. तुमच्याकडून पाणी सांडत नव्हतं.” हे त्यानं सगळ्यांसमोर म्हटलं, अक्कांसमोर, गल्लीतल्या चार बायका फाटकाशी जमल्या होत्या त्यांच्यासमोर. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. कपाटाची किल्ली काढून मी आईचं गाठोडं सोडलं आणि तिची लुगडी माझ्या साड्यांशेजारी रचून ठेवली. तिनं अडवलं नाही.

नवा हौद उभा राहायला तीन आठवडे लागले. या वेळी मी मशीन सोडून खुर्ची टाकून अंगणातच बसायचे. तळ आणि भिंत एकसंध झाली, कोपऱ्यांना गोलाई दिली, हे सगळं डोळ्यांनी पाहिलं. मग हौद भरला आणि आठ दिवस कुणी हात लावला नाही. आम्ही अक्कांच्या पिंपावर आणि बाटल्यांवर दिवस काढले. आठ दिवसांनी मॅडमनी पाहिलं, रेघ आणि पाणी बरोबर. ते पाणीही वाया गेलं नाही. धुण्याला, झाडांना सगळं लागलं. इतकी साधी गोष्ट मला आधी सुचली नव्हती.

मॅडम सही करून गेल्या. ठेकेदार कागद घडी घालत उन्हात उभा होता. घसा खाकरून, अगदी हळू आवाजात त्यानं पाणी मागितलं. मी उठणार तोच आई आतून तांब्या घेऊन आली, इतका भरलेला की चालताना तिच्या पायांवर पाणी हिंदकळत होतं. तिनं त्याची फिकीर केली नाही. तांब्या त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, “बिनघोर प्या बाबा. सांडलं तर सांडू दे. आता पुरतंय की आमाला.”

त्यानं एका हातानं तांब्या तोंडाला लावला, दुसरा तळहात हनुवटीखाली धरला, आणि एकही थेंब खाली न पाडता सगळं पाणी प्यायला.